दूरच्या संगणकातील ध्वनी वर्गात कसा आणावा
(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेतील भाषण)



शिंदखेडा तालुक्यातील एखादी द्विशिक्षकी प्राथमिक शाळा डोळ्यांपुढे आणावी. लोकवर्गणीतून घेतलेला संगणक भिंतीलगतच्या टेबलावर आहे आणि त्याला जोडलेला मोठा टीव्ही फळ्याशेजारी टांगलेला आहे. केंद्रशाळेच्या संगणकात इंग्रजीच्या पाठांचा चांगला संग्रह असून तो संगणक गावच्या शाळेतून उघडता येईल अशी सोय करून घेतलेली आहे. पहिली-दुसरीची मुले सतरंजीवर बसली आहेत. गुरुजी कळ दाबतात. बारा किलोमीटरांवरच्या संगणकातील पाठ पडद्यावर अवतरतो. एक बाई दिसतात, हातात आंबा धरतात, ओठ हलवितात, हसतात आणि मुलांनी मागून म्हणावे म्हणून थांबतात. वर्ग शांत. बाई पुन्हा ओठ हलवितात. अखेरीस पुढच्या रांगेतील एखादे धीट पोर विचारते, ‘गुरजी, ती बाई मुकी शे का?’

हा प्रसंग कल्पनेतला खरा. परंतु असे कोठे घडत नाही, असे छातीठोकपणे सांगणारा शिक्षक विरळाच. गुरुजी स्पीकरची वायर हलवून पाहतात, आवाजाची पट्टी शेवटपर्यंत सरकवितात, संगणक बंद करून पुन्हा चालू करतात. तेवढ्यात तास संपतो. आणि आवाज? तो कोठेही हरवलेला नव्हता. तो उत्तम वाजत होता; फक्त बारा किलोमीटरांवर, केंद्रशाळेच्या कुलूपबंद खोलीत, रिकाम्या बाकांसमोर.

‘रिमोट डेस्कटॉप’ या सोयीचे स्वरूप नीट ध्यानात आले म्हणजे निम्मे कोडे तेथेच सुटते. खानदेशातील पुष्कळ शेतकरी आता मळ्यातील विहिरीवरची मोटर घरबसल्या मोबाइलवरून सुरू करतात. कळ घरी दाबली जाते. मोटर मळ्यात फिरते आणि पाणीही मळ्यातच पडते. घरी येते ती केवळ ‘मोटर चालू झाली’ एवढी वर्दी. रिमोट डेस्कटॉपचे तसेच आहे. कळफलकावर बोट गावच्या शाळेत ठेवले जाते, परंतु काम करतो तो केंद्रशाळेचा संगणक. पाठ त्याच्याच पोटात उघडतो, चित्र त्याच्याच पोटात तयार होते आणि त्या चित्राची प्रतिमा तेवढी शाळेकडे धाडली जाते. चित्र आले म्हणजे सर्व काही आले, असा पाहणाऱ्याचा समज होतो आणि घोटाळा होतो तो येथेच. ध्वनी हा चित्राच्या पाठीवर बसून येत नाही. त्याला स्वतःची निराळी वाट लागते. त्या वाटेने त्याने यावयाचे, की जेथल्या तेथे वाजावयाचे, हे त्याला कोणी तरी सांगावे लागते. विहिरीचे पाणी कोणत्या वाफ्यात सोडावयाचे हे पाणी भरणाराच ठरवितो. मोटरीला त्याचे काय?

चित्र आणि ध्वनी यांच्या चुली पहिल्यापासूनच निराळ्या आहेत. आपल्या शेजारच्या नाशिक जिल्ह्यातील त्र्यंबकेश्वरचे दादासाहेब फाळके यांनी १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट पडद्यावर आणला, तेव्हा हरिश्चंद्र चालला, रडला, स्मशानात उभा राहिला, पण बोलला नाही. मराठी बोलपट यावयास १९३२ साल उजाडले. प्रभात कंपनीच्या ‘अयोध्येचा राजा’मध्ये तोच हरिश्चंद्र मराठी बोलू लागला. एकाच कथेला वाणी फुटावयास एकोणीस वर्षे लागली, यावरून हे दुसरे काम किती स्वतंत्र आहे याची कल्पना यावी.

याहूनही बोलके उदाहरण उपग्रहाचे आहे. १ ऑगस्ट १९७५ पासून ३१ जुलै १९७६ पर्यंत अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहाच्या साहाय्याने भारतातील सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरदर्शनचे शैक्षणिक कार्यक्रम दाखविण्यात आले. ‘साइट’ या नावाने तो प्रयोग ओळखला जातो. महाराष्ट्राचा त्यात समावेश नव्हता. परंतु शेजारची कर्नाटक, आंध्र आणि मध्य प्रदेश ही राज्ये त्यात होती. त्या उपग्रहावरून चित्र एकच येई, परंतु ध्वनीच्या वाहिन्या दोन होत्या. तेच चित्र एका भागात एका भाषेत व दुसऱ्या भागात दुसऱ्या भाषेत ऐकविता यावे, ही त्यामागील योजना. चित्राला दोन जिभा देता येतात, तद्वत् एकही न देता येते, हे यावरून सहज पटेल.

संगणकाच्या क्षेत्रातही हाच क्रम घडला. विंडोज प्रणालीवर दूरचा संगणक पाहण्याची सोय प्रथम झाली तेव्हा तिच्यातून चित्र, कळफलक आणि माउस एवढेच जात. ध्वनी आणण्याची सोय २००१ मध्ये विंडोज एक्सपीबरोबर आली. ‘व्हीएनसी’ नावाची जी दुसरी जुनी पद्धत आहे, तिच्या मूळ योजनेत तर ध्वनीला स्थानच नाही. तेथे कितीही खटपट केली तरी वेगळी जोड दिल्यावाचून आवाज येणार नाही. म्हणून पहिला प्रश्न विचारावा तो हा, की आपण जी सोय वापरीत आहो तिच्यात ध्वनीची वाट मुळात आहे काय?

हा अनुभव शिक्षकांना नवा नाही. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि ज्यांना जमले त्यांनी गूगल मीट किंवा झूम यांवरून वर्ग घेतले. पडद्यावरील चित्रफीत मुलांना दाखवावी, मुलांनी हात हलवून ‘ऐकू येत नाही’ म्हणून खुणा कराव्यात, हे त्या वर्षी घरोघर घडले. कारण तेच होते. झूममध्ये पडदा दाखविताना ‘शेअर साउंड’ या चौकोनात खूण करावी लागते. गूगल मीटवर संगणकाच्या ब्राउझरमधील केवळ एक टॅब दाखविला आणि त्याचा ध्वनी देण्याची खूण राहू दिली, तर ध्वनी नीट जातो. ही खूण राहून गेली म्हणजे शिक्षकाचा आवाज जातो, पाठाचा जात नाही.

आता कोणी म्हणेल, आवाज नसला म्हणून एवढे काय बिघडले? चित्र दाखवावे आणि शिक्षकाने स्वतः बोलावे. परिसर अभ्यासाच्या पाठात हे चालते, नव्हे, कित्येकदा तेच अधिक चांगले ठरते. फुलाचे भाग, तापीचे पात्र, सातपुड्याची रांग दाखवीत असता गावच्या शिक्षकाचे बोल कोणत्याही यंत्राच्या बोलांहून मुलांना जवळचे असतात. पण भाषेच्या पाठात ही तडजोड चालत नाही. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतून इंग्रजी पहिलीपासून शिकविले जाते. ते शिकविणाऱ्या शिक्षकांपैकी पुष्कळांनी स्वतः इंग्रजीची मुळाक्षरे पाचवीत गिरविली होती आणि तीही छापील पुस्तकावरून. त्यांचे वाचन चांगले आहे, व्याकरणाची तयारी आहे. अडते ते उच्चाराशी. अशा शिक्षकाने मोठ्या सचोटीने ठरविलेले असते, की उच्चार मुलांनी यंत्रातून ऐकावेत. त्याच तासाला यंत्र मुके झाले, तर शिक्षक नाइलाजाने स्वतःच उच्चार करतो आणि सहा वर्षांच्या मुलाच्या कानात जे पहिल्यांदा बसते ते सहसा निघत नाही. २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानानेही लेखन-वाचनाच्या आधी श्रवण आणि भाषण यांना स्थान दिले आहे. तेव्हा ध्वनी हा पाठाचा अलंकार नसून पाठच आहे, असे धरून पुढील खटपट करावी.

खटपटीला एक क्रम असावा. क्रम नसला म्हणजे माणूस दहा ठिकाणी हात घालतो आणि मूळची जुळलेली गोष्टही बिघडवून ठेवतो. विजेचा दिवा लागत नसेल तर जाणता माणूस आधी घरातला बल्ब पाहतो, मग बटन, मग मीटर आणि शेवटी खांब. येथेही तसेच जवळून दूर जावे.

सर्वांत आधी दूरच्या संगणकाशी काहीही न जोडता शाळेच्याच संगणकावरील एखादे गाणे वाजवून पाहावे. ते वाजले नाही, तर दोष दूरचा नाही. आपल्या खोलीतलाच आहे. अशा वेळी बहुतेकदा अपराधी निघते ती टीव्हीची किंवा प्रोजेक्टरची केबल. एचडीएमआय ही केबल चित्राबरोबर ध्वनीही नेते. ती जोडताच संगणक पुष्कळदा आपला आवाज स्पीकरकडून काढून टीव्हीकडे वळवितो. टीव्हीचा आवाज बंद ठेवलेला असतो, किंवा प्रोजेक्टरला स्वतःचा स्पीकरच नसतो, आणि टेबलावरचे स्पीकर बापडे वाट पाहत राहतात. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यातील कर्ण्याच्या चित्रावर टिचकी मारली, की आवाज कोठे जात आहे त्याचे नाव दिसते आणि ते तेथेच बदलता येते. आवाजाच्या निम्म्या तक्रारी येथेच मिटाव्यात.

शाळेचा संगणक बोलता आहे अशी खात्री झाली, की दुसरी पायरी जोडणीची. विंडोजमध्ये ‘रिमोट डेस्कटॉप कनेक्शन’ उघडल्यावर दूरच्या संगणकाचे नाव विचारणारी लहानशी खिडकी येते. घाईने नाव लिहून पुढे जाऊ नये. त्याच खिडकीत खाली ‘शो ऑप्शन्स’ असे लिहिलेले असते. ते दाबल्यावर खिडकी मोठी होते व वरच्या बाजूला काही कप्पे दिसतात. त्यांपैकी ‘लोकल रिसोर्सेस’ हा कप्पा उघडावा. तेथे ‘रिमोट ऑडिओ’ या मथळ्याखाली ‘सेटिंग्ज’चे बटन आहे. ते दाबले म्हणजे तीन पर्याय समोर येतात: ‘प्ले ऑन धिस कॉम्प्युटर’, ‘डू नॉट प्ले’ आणि ‘प्ले ऑन रिमोट कॉम्प्युटर’.

येथे क्षणभर थांबावयास हवे. कारण भल्याभल्यांची फसगत येथे होते. ‘धिस कॉम्प्युटर’ म्हणजे हा संगणक. पण हा म्हणजे कोणता? पडद्यावर तर केंद्रशाळेचा संगणक दिसणार आहे! साध्या बुद्धीच्या माणसाला वाटते, जो दिसतो तो ‘हा’. यंत्राच्या भाषेत मात्र ज्याच्यापुढे आपण बसलो आहो तो ‘हा’, आणि ज्याचे चित्र दिसते तो ‘रिमोट’, म्हणजे दूरचा. मराठीत ‘हा’ आणि ‘तो’ शिकविताना आपण मुलांना बोट दाखवावयास सांगतो. येथेही बोट टेबलावरच्या पेटीकडे दाखवावे, पडद्याकडे नव्हे. आवाज वर्गात हवा असेल तर पहिला पर्याय घ्यावा. तिसरा पर्याय घेतला, की केंद्रशाळेच्या कुलूपबंद खोलीत पाठ सुरू झालाच म्हणून समजावे. नव्या जोडणीत सामान्यतः पहिलाच पर्याय ठेवलेला असतो. पण पूर्वी कोणी तरी दुरून दुरुस्ती करताना तो बदललेला असतो आणि तीच निवड पुढे टिकून राहते.

निवड केल्यावर ‘जनरल’ या पहिल्या कप्प्यात येऊन ‘सेव्ह’ करून ठेवावे, म्हणजे पुढील वेळी हा खटाटोप नको. आणखी एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. जोडणी चालू असताना ही निवड बदलता येत नाही. आधी जोडणी तोडावी, निवड बदलावी आणि मग पुन्हा जोडावे. पाठाचा कार्यक्रम जोडणीच्या आधीपासून त्या संगणकावर उघडा असेल, तर तोही बंद करून नव्याने उघडावा. कारण कित्येक कार्यक्रम पहिल्याने धरलेला स्पीकर सोडावयास तयार नसतात.

इतके करूनही आवाज आला नाही, म्हणजे तिसरी पायरी, दूरचे टोक. जोडणी झाल्यावर पडद्यावर दिसणाऱ्या, म्हणजे केंद्रशाळेच्या, संगणकातील कर्ण्याच्या चित्रावर टिचकी मारावी. तेथे स्पीकरच्या नेहमीच्या नावाऐवजी ‘रिमोट ऑडिओ’ हे नाव दिसले पाहिजे. ते दिसले, की वाट मोकळी आहे. कर्ण्यावर तांबडी फुली दिसली, तर त्या संगणकातील ‘विंडोज ऑडिओ’ ही सेवा बंद असण्याचा संभव आहे. ‘सर्व्हिसेस’च्या यादीत जाऊन ती सुरू करावी आणि संगणक चालू होताच ती आपोआप सुरू होईल असे ठरवून द्यावे. सर्व्हर जातीच्या संगणकावर ती मुळातच बंद ठेवलेली असते. कारण मोठ्या कचेरीतील सर्व्हरला कोण गाणी ऐकविणार? काही ठिकाणी व्यवस्थापकाने धोरण म्हणूनच ध्वनी दुसरीकडे पाठविण्यास मनाई केलेली असते. तेथे शिक्षकाने हात घालू नये. ज्याच्या ताब्यात तो संगणक आहे त्याच्याकडून परवानगी घेऊन बदल करून घ्यावा.

आवाज आला पण अगदी क्षीण आला, तर पट्ट्या मोजाव्यात. एक पट्टी दूरच्या संगणकाची, दुसरी आपल्या संगणकाची, तिसरी पाठ दाखविणाऱ्या कार्यक्रमाच्या खिडकीतली, आणि स्पीकरची फिरकी असेल तर ती चौथी. या सर्वांचा गुणाकार होतो, बेरीज नव्हे. तीन पट्ट्या निम्म्यावर असतील तर निम्म्याचे निम्मे आणि त्याचे निम्मे, म्हणजे एक अष्टमांश उरतो. अपूर्णांकाचा असा जिवंत दाखला चौथीच्या वर्गाला देण्यासारखा आहे.

सर्वच शाळा ही एकच सोय वापरीत नाहीत. विंडोजच्या ‘होम’ आवृत्तीचा संगणक दुसऱ्याकडे पाहू शकतो, परंतु या पद्धतीने स्वतःला पाहू देत नाही. त्यासाठी ‘प्रो’ आवृत्ती लागते. केंद्रशाळेत होम आवृत्ती असल्याने पुष्कळ ठिकाणी एनीडेस्कसारखे कार्यक्रम वापरले जातात. एनीडेस्कमध्ये ध्वनी पाठवावयाचा की नाही याची परवानगी दूरच्या संगणकाच्या बाजूने द्यावयाची असते. तिकडे ती नाकारलेली असेल, तर इकडच्या गुरुजींनी कितीही पट्ट्या सरकविल्या तरी व्यर्थ. तिकडच्या शिक्षकाला आधी दूरध्वनी करावा, हा यावरचा सरळ उपाय.

एनीडेस्कचे नाव निघाले म्हणून एक सावधगिरीही येथेच सांगणे प्राप्त आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना सावध करताना याच कार्यक्रमाचा नावाने उल्लेख केला होता. दोष कार्यक्रमाचा नव्हता. लबाड लोक तो मोबाइलवर घ्यावयास लावीत, त्यावरील अंक विचारीत आणि खात्यातील पैसे काढून घेत. ज्या कळीने केंद्रशाळेचा पाठ आपल्या वर्गात येतो, तिच्याच योगाने आपला पडदा परक्याच्या हाती जातो. ‘सर, तुमच्या संगणकाचा आवाज दुरुस्त करून देतो, एवढा नंबर सांगा’ असा अपरिचिताचा फोन आला तर नंबर सांगू नये. शाळेच्या संगणकावर पगाराची आणि विद्यार्थ्यांची माहिती असते, हे विसरून कसे चालेल?

आवाज आला, मोठाही आला. परंतु तुटक येतो, ही पुढची तक्रार. तिचे कारण बहुधा जोडणीची मंद गती. थोडे गणित करून पाहावे. सीडीच्या दर्जाचा ध्वनी संगणकात साठविताना दर सेकंदाला ४४,१०० वेळा त्याचे माप घेतात, प्रत्येक मापाला १६ बिट लागतात आणि डावा-उजवा असे दोन प्रवाह असतात. गुणाकार केला तर दर सेकंदाला १४,११,२०० बिट होतात. एवढा भार मंद वाटेवरून जाणे कठीण, म्हणून यंत्रे ध्वनी दाबून, आटवून पाठवितात. दूध आटविल्याने दाट तरी होते. ध्वनी फार आटविला, की पातळ होतो.

हे पातळ होणे भाषाशिक्षणात फार महाग पडते. जुन्या साध्या टेलिफोनची वाहिनी सुमारे ३०० ते ३,४०० आंदोलनांपर्यंतचाच ध्वनी नेत असे. ‘स’, ‘श’ आणि इंग्रजीतील ‘एफ’ यांच्या घर्षणाचा पुष्कळसा भाग त्याच्या वर असतो, आणि म्हणूनच टेलिफोनवर नाव सांगताना ‘एस फॉर सांगली’ असे म्हणावे लागे. शिक्षकाला शब्द ठाऊक असल्याने त्याचे मन गाळलेला भाग भरून काढते. मुलाला शब्दच नवा. ते कशाने भरणार? ते आपल्या बोलीतील ध्वनीने भरते. आपल्याकडील अहिराणी बोलणारे मूल घरी ‘डोळा’ म्हणत नाही, ‘डोया’ म्हणते. ‘काळा’ म्हणत नाही, ‘काया’ म्हणते. ही चूक नव्हे, तो त्याच्या बोलीचा नियम आहे आणि शिक्षकाने त्याला हसू नये. आसोद्यास १८८० मध्ये जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी निरक्षर होत्या. त्या आपल्या बोलीत गात गेल्या, आणि मुलगा सोपानदेव व आप्तजन यांनी ऐकून ते लिहून ठेवले, म्हणून १९५२ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतरच्या वर्षी, ती गाणी महाराष्ट्राच्या हाती पडली. लिहिणाऱ्याने नीट ऐकले नसते तर काय उरले असते? परंतु प्रमाण मराठीतील ‘ळ’ मुलाला ओळखता यावा असे वाटत असेल, तर तो त्याच्या कानावर स्वच्छ पडला पाहिजे. तुटक, फाटका ‘ळ’ ऐकून मूल त्याचा ‘य’च करणार.

म्हणून एक गोष्ट स्पष्टपणे म्हणावयास हवी. जो पाठ उचलून आणता येतो, तो दुरून वाजवू नये. आटविलेल्या स्वरूपात पाच मिनिटांचे एक कवितागायन, सेकंदाला ६४ हजार बिट या हिशेबाने, सुमारे २४ लाख बाइट होते. असे शंभर पाठ एका लहानशा पेनड्राइव्हच्या कोपऱ्यात मावतात. शिक्षण परिषदेला येताना पेनड्राइव्ह आणावा, पाठ उतरवून न्यावेत आणि आपल्या संगणकावर वाजवावेत. तेथे ना जोडणी, ना तुटकपणा. दूरच्या संगणकाचा आश्रय घ्यावा तो अन्य उपाय नसेल तेथे: पाठाचा कार्यक्रम परवान्यामुळे एकाच संगणकावर चालत असेल, शाळेचा संगणक इतका जुना असेल की नवा कार्यक्रम त्याला झेपत नाही, किंवा एकाच मोठ्या संगणकावर अनेक पडदे जोडून मुले बसविलेली असतील. या शेवटच्या रचनेत प्रत्येक मुलाच्या डब्याला त्याचा स्वतःचा कानाला लावण्याचा हेडफोन असावा आणि ध्वनी त्या डब्याकडे वळविलेला असावा. एरवी साऱ्या मुलांचे पाठ मधल्या संगणकाच्या एकाच स्पीकरवर वाजू पाहतात आणि आठवडी बाजाराचा गलबला होतो.

दुरून पाठ घेणे भाग पडलेच, तर ध्वनीला उशीर होतो हे धरून चालावे. पांझरेच्या काठी धुणे धुणारा माणूस पलीकडच्या तीरावरून पाहावा; कपडा दगडावर आपटलेला आधी दिसतो, आवाज मागून येतो. ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर चालतो. १७० मीटर अंतर असेल तर अर्ध्या सेकंदाचा फरक पडतो. संगणकातील उशिराचे कारण निराळे आहे. तुकडे मागेपुढे पोचले तरी आवाज सलग यावा, म्हणून यंत्र थोडे तुकडे साठवून मग वाजविते. परिणाम मात्र तसाच होतो. ओठ आधी हलतात, शब्द नंतर येतो. एका शब्दाच्या पाठात मुले हे चालवून घेतात. टाळ्यांच्या तालावरच्या बडबडगीतात मात्र साराच विचका होतो: बाईंची टाळी एका ठेक्यावर दिसते, आवाज दुसऱ्यावर, आणि मुलांचा ठेका तिसराच. अशा गीतांसाठी पडदा झाकून केवळ ध्वनी ऐकवावा. जळगावचे आकाशवाणी केंद्र १९७६ पासून खानदेशाशी चित्रावाचूनच बोलत आले आहे, आणि ऐकणाऱ्यांचे त्यावाचून काही अडलेले नाही.

शेवटी पाठ संपल्यावरचे एक काम. वर्ग सुटला, की कोपऱ्यातील फुली दाबून खिडकी मिटून टाकण्याची सवय असते. त्याने आपला पडदा मिटतो. दूरच्या संगणकावरील पाठ मिटत नाही. तो तेथे उघडाच राहतो. पाठ थांबवावा, कार्यक्रम बंद करावा आणि स्टार्टमधून ‘साइन आउट’ करून बाहेर पडावे. हे न केल्यास केंद्रशाळेचे शिक्षक दुसऱ्या दिवशी सकाळी संकेतशब्द लिहून आपला संगणक उघडतात, ध्वनीची वाट पुन्हा तिकडच्या स्पीकरकडे वळते, आणि कधी कधी त्या रिकाम्या खोलीत आदल्या दिवशीच्या बाई आंब्याचे इंग्रजी नाव मोठ्याने उच्चारून कोणी मागून म्हणेल म्हणून थांबतात.